लाख किलोमीटरांचा जमाखर्च

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी, सकाळी दहाच्या सुमारास, पंचायत समितीच्या किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या आवारात ओळीने उभ्या असलेल्या वाहनांकडे जो थोडे थांबून पाहील, त्याला असे आढळेल की, त्यांतील बहुसंख्य वाहने शंभर घनसेंटीमीटरांच्या आसपासच्या, दिसायला अगदी सामान्य अशा मोटारसायकली असून, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक, पिग्मी गोळा करणारा एजंट आणि डेअरीत दूध घालून परस्पर कचेरीत आलेला शेतकरी अशा नाना तऱ्हेच्या लोकांचा चरितार्थ त्यांच्यावर अवलंबून आहे. याच ओळीत एकाच कंपनीची, एकाच सालची आणि एकाच नमुन्याची दोन वाहने शेजारी शेजारी उभी असतात. त्यांपैकी एक दीड लाख किलोमीटर चालूनही पहिल्या किकेत सुरू होते, आणि दुसरे पन्नास हजारांच्या आतच निळसर धूर सोडीत, खडखडत, मालकाच्या नावाने जणू फिर्याद करीत असते. हा भेद नशिबाचा आहे असे मालक समजतो, कारखान्याचा आहे असे त्याचा शेजारी समजतो. वस्तुतः तो बहुतेक वेळा लक्ष देण्याच्या पद्धतीचा असतो, आणि ती पद्धत खर्चिक नसून केवळ नियमित असते, एवढेच येथे सविस्तर सांगावयाचे आहे.

हिरो होंडा कंपनीने १९८५ साली सीडी १०० ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा आशयाची तिची जाहिरात घरोघरी पोहोचली होती. तत्पूर्वी रस्त्यावर असलेल्या राजदूत, येझदी आणि तत्सम टू-स्ट्रोक गाड्यांच्या मालकाला असे विसरणे परवडण्यासारखे नव्हते. कारण त्याला पेट्रोलाबरोबर वंगणतेलही मोजून घालावे लागे आणि त्यामुळे, इच्छा असो वा नसो, तेल या वस्तूशी त्याची गाठ दर वेळी पेट्रोल भरताना पडे. फोर-स्ट्रोक इंजिनाने ती कटकट मिटविली, इंधनाचा खर्च पुष्कळ कमी केला, आणि त्याचबरोबर तेल इंजिनाच्या पोटात दृष्टीआड नेऊन ठेवले. विसरण्याची जी मुभा जाहिरातीने पेट्रोलापुरती दिली होती, ती मालकांनी तेलापर्यंत वाढवून घेतली. हे इंजिन इतके सोशीक की, ती हेळसांड ते कित्येक महिने निमूटपणे सहन करते. आणि माझ्या मते या जातीच्या गाड्यांच्या अकाली मरणाचे कारण त्यांच्या दुबळेपणात नसून या सोशीकपणातच आहे.

हे इंजिन मूळचे कोणत्या घराण्यातले, हेही पाहण्यासारखे आहे. होंडा कंपनीने १९५८ साली जपानात सुपर कब नावाची एक लहानखुरी दुचाकी विकावयास काढली. २०१७ पर्यंत तिचे उत्पादन दहा कोटींच्या घरात गेले. जवळजवळ आडवे ठेवलेले एकच सिलिंडर, अल्प शक्ती आणि अल्प गुंतागुंत हा जो तिचा घाट, तोच पुढे सीडी १०० मध्ये आणि १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरमध्ये आपल्याकडे रुळला. स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९.५ मिलिमीटर, म्हणजे एकूण घनफळ ९७.२ घनसेंटीमीटर. चौथ्या गियरमध्ये ही गाडी एक किलोमीटर जाते तेवढ्यात तिच्या इंजिनाचे साडेपाच ते सहा हजार फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर व एकदा खाली असा ९९ मिलिमीटर सरकतो. याचा हिशेब मांडला तर रस्त्यावर एक किलोमीटर काटताना पिस्टन आपल्या जागच्या जागी अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर घासत जातो, आणि गाडीने लाख किलोमीटर पुरे केले की पिस्टनने मूठभर लांबीच्या त्या पोकळीत पृथ्वीच्या परिघाहून अधिक प्रवास केलेला असतो. हा सारा प्रवास ज्याच्या आधाराने होतो तो तेलाचा थर डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ असतो. आणि त्या थरासाठी इंजिनात जे तेल असते, ते पुरते एक लिटरही नसते.

मोटारीच्या इंजिनात तीन-चार लिटर तेल असते, आणि तिच्या गियरपेटीचे तेल वेगळे असते. मोटारसायकलीत तेच एक लिटरभर तेल पिस्टनला वंगण पुरविते, गियरचे दाते ज्या जागी एकमेकांवर दाबले जातात तेथे चिरडले जाते, आणि क्लचच्या प्लेटाही त्याच तेलात भिजत असतात. म्हणूनच मोटारीसाठी केलेले तेल स्वस्तात मिळाले तरी ते येथे घालू नये. त्यांपैकी पुष्कळांत घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती क्लचच्या प्लेटांनाही घसरण्याची सवय लावतात. मोटारसायकलीच्या तेलाच्या बाटलीवर ‘जासो एमए’ अथवा ‘एमए २’ अशी जी जपानी प्रमाणाची खूण असते, तिचा अर्थ हे तेल भिजत्या क्लचला चालते, एवढाच आहे. किंमत अथवा रंगीत वेष्टन पाहण्यापेक्षा ती खूण आणि हस्तपुस्तिकेत दिलेली दाटपणाची श्रेणी पाहणे अधिक फायद्याचे.

एकंदर तेलच नऊशे मिलिलिटरांच्या आसपास, त्यातील दोनशे मिलिलिटर जळून वा गळून गेले की पाचवा हिस्सा नाहीसा झाला. उरलेले तेल अधिक तापते, अधिक वेळा फिरते, अधिक लवकर सत्त्वहीन होते, आणि त्याच सुमारास एखाद्या मे महिन्यात दोन माणसे आणि एक पोते घेऊन घाट चढण्याचा प्रसंग आला, तर पिस्टन ब्लॉकमध्ये आवळला जाऊन गाडी जागीच बंद पडते. गॅरेजवाले याला ‘इंजिन जाम झाले’ म्हणतात. असे जाम झालेले इंजिन उघडले की पुष्कळदा आढळते ते हेच, की तेल वाईट नव्हते, ते पुरेसे नव्हते. तेव्हा तेल केव्हा बदलावे या प्रश्नावर गॅरेजात जी घनघोर चर्चा चालते, तिच्याहून तेल किती आहे हे दर आठवड्यास पाहणे महत्त्वाचे. त्याची रीत अशी की, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी, इंजिन बंद केल्यानंतर तेलाला खाली उतरण्यास काही मिनिटे द्यावीत, झाकणाची काडी पुसून घ्यावी, आणि ती आट्यांत न फिरविता नुसती टेकवून बाहेर काढावी. बाजूच्या स्टँडवर कललेल्या गाडीतले माप खोटे येते. आणि काडी आट्यांत पिळून घेतली तर ती अधिक खोल जाऊन, नसलेले तेल असल्यासारखे दाखविते.

बदलण्याच्या मुदतीविषयी मेस्त्री दोन-तीन हजार किलोमीटर सांगतो, कंपनीची पुस्तिका त्याहून बरीच लांबची मुदत देते. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर असू शकतात, कारण वापर निराळा असतो. रोज घरापासून दोन किलोमीटरांवरच्या शाळेत जाणारी आणि तेथेच दिवसभर उभी राहणारी गाडी कमी चालते म्हणून तिचे तेल चांगले राहते, ही समजूत निव्वळ चुकीची आहे. थंड इंजिनात इंधनाचा काही अंश आणि ज्वलनातून उत्पन्न होणारी पाण्याची वाफ पिस्टनच्या कडेने तेलात उतरते. इंजिन वीस-पंचवीस मिनिटे नीट तापले तर ती पुन्हा उडून जाते, न तापले तर तेथेच साचते. उलट नाशिकहून सिन्नरला रोज सलग जाणाऱ्या गाडीचे तेल अधिक किलोमीटर टिकते. यास्तव कमी चालणाऱ्या गाडीचे तेल किलोमीटरांवर न सोडता महिन्यांच्या हिशेबाने बदलावे.

स्प्लेंडरच्या घराण्यातील इंजिनात मोटारीसारखा कागदी ऑइल फिल्टर नसतो, ही गोष्ट पुष्कळ मालकांना दहा वर्षे गाडी चालवूनही ठाऊक नसते. तेथे असते ती एक तारेची जाळी, आणि क्रँकशाफ्टच्या टोकावर त्याच्याबरोबर गरगर फिरणारी एक डबी. या डबीत तेल शिरले की त्यातील धातूचे कण आणि काजळी केंद्रोत्सारी प्रेरणेने कडेला फेकली जाऊन तेथे चिकटतात. योजना सुंदर आहे, परंतु ती डबी आपणहून रिकामी होत नाही. क्लचच्या बाजूचे कव्हर काढून ती साफ करावी लागते, आणि तेल बदलण्याच्या रोजच्या कामात कोणी ते कव्हर काढीत नसल्यामुळे एखाद्या गाडीत लाखभर किलोमीटरांचा काळा गाळ तेथे घट्ट बसलेला सापडतो. क्लचप्लेटा बदलण्यासाठी कव्हर निघेल तेव्हा डबी व जाळी साफ झालीच पाहिजे, एवढे तरी मेस्त्रीला बजावून ठेवावे. आणि प्लेटांची पाळी लौकर येण्याचे चिन्ह नसेल, तर तेवढ्यासाठीच कव्हर काढविण्यात कंजुषी करू नये. तेलाची रिकामी बाटली गॅरेजात तशीच सोडून येऊ नये, तिला खिळ्याने भोक पाडावे, हेही येथेच सांगितलेले बरे. रिकाम्या बाटल्या पुन्हा भरून विकण्याचा धंदा काही कमी जुना नाही.

तेलाच्या हेळसांडीच्या खालोखाल शत्रू म्हणजे धूळ. उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणारे रस्ते, खडी-क्रशरच्या आसपासचा परिसर आणि मुरुमाच्या वाटा येथे उडणारी धूळ म्हणजे पुष्कळ अंशी वाळूचेच बारीक कण, आणि वाळूचा स्फटिक साध्या पोलादाहून कठीण असतो. तो एअर फिल्टरच्या फटीतून आत गेला की रिंग आणि ब्लॉक यांच्यामध्ये घोटला जातो. जुन्या गाड्यांतील फोमचा फिल्टर रॉकेलने धुऊन, वाळवून, तेलाचा हात देऊन पुन्हा वापरता येतो. परंतु नव्या गाड्यांत जो तेलकट कागदाचा फिल्टर असतो, त्याला हवेचा झोत मारून ‘साफ’ करणे म्हणजे त्याचे काम संपविणे होय. तो मुदत भरताच, आणि धुळीच्या मुलखात मुदतीपूर्वी, बदलावा. फिल्टर काढून गाडी चालविली की ती अधिक पळते, असे सांगणारे शहाणे दर गावात एक-दोन असतात. त्यांच्या गाड्या पाच वर्षांनंतर कोठे आहेत याची चौकशी करावी.

आता टॅपेटची गोष्ट, कारण तिच्यात मालकाची हौस आणि यंत्राचे हित एकमेकांच्या उलट उभे राहतात. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात शतांश मिलिमीटरांत मोजावी लागणारी एक फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. ही फट असल्यामुळे इंजिन हलकेसे टिक-टिक वाजते, आणि नव्या मालकाला तो आवाज खपत नाही. तो मेस्त्रीला म्हणतो, “भाऊ, टॅपेट जरा टाइट करा.” मेस्त्री गिऱ्हाईक राखण्यासाठी तसे करतो, गाडी मऊ वाजू लागते आणि मालक खूष होऊन घरी जातो. परंतु फट संपल्यामुळे तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पावसाळ्यात फुगलेले दार जसे चौकटीत पुरते बसत नाही तसा, आपल्या सीटवर पुरता टेकत नाही. जळत्या वायूची उष्णता त्या सीटमधूनच निघून जाणार असते, ती वाट बंद होते, आणि व्हॉल्व्हची कड जळून खरवडली जाते. तेव्हा टॅपेटचे काम रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, कानाने नव्हे तर फीलर गेजच्या पात्याने करून घ्यावे, आणि थोडासा आवाज राहिला तर तो चांगल्या प्रकृतीचे लक्षण मानावा.

चेनविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ती फार आवळलेली असली तर गियरपेटीच्या बाहेरच्या बेअरिंगवर ताण येतो, फार सैल असली तर दात खाते. दोन ते तीन सेंटीमीटर झोळ हे साधारण माप, आणि ते चाक फिरवून सर्वांत आवळ जागी पाहावयाचे. तथापि इंजिनातून काढलेले जुने काळे तेल चेनला पाजण्याची जी सार्वत्रिक चाल पडली आहे, तिला माझा विरोध आहे. त्या तेलात इंजिनाने मोठ्या प्रयासाने बाहेर टाकलेलेच कण असतात. नव्वद नंबरचे गियर-ऑइल थेंब-थेंब सोडले तर खर्च चहाच्या कपाहून अधिक येत नाही. चेन संपली की दोन्ही स्प्रॉकेटांसह पुरा संच बदलावा. क्लचच्या लीव्हरला थोडी ढील, मुठीवर अर्धा क्लच दाबून घाट न चढणे, मधोमध अडखळू लागलेला हँडलचा कोनसेट वेळीच बदलणे, मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा वाढविणे, ही बाकीची कलमे ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत दिलेलीच असतात. वाचणारे मात्र थोडे.

पावसाळ्याचे प्रकरण निराळे. सर्व्हिसिंगच्या दुकानातील पाण्याचा जोरकस फवारा चाकाच्या हबवर आणि वायरींच्या जोडांवर मारला की, पाणी आत जाते आणि ग्रीस बाहेर येते. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला तर, ती सुरू होते का हे पाहण्याच्या उत्कंठेने, किक मारण्याचा मोह टाळलाच पाहिजे. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, आणि मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. प्लग काढून, पाणी बाहेर घालवून, दुधाळ झालेले तेल पुरते काढून, नवे भरून, मगच पुढचा विचार. अलीकडे पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून जी जुनी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, तिच्या टाकीच्या तळाचा गंज, कार्बोरेटरमधील ओशट गाळ आणि फुगलेल्या वा तडकलेल्या रबरी नळ्या यांवर नजर असावी. इथेनॉल ज्या उसापासून होते तो आपल्याच शेतांत पिकतो, म्हणून त्याच्याविषयी आकस धरण्याचे कारण नाही. केवळ पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे रबर त्याला गृहीत धरून केलेले नव्हते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आले, आणि तेथे टाकी सदैव रिझर्व्हवर ठेवण्याची आपली पिढीजात काटकसर महागात पडू शकते. कारण टाकीतला पंप पेट्रोलात बुडालेला असतानाच थंड राहतो.

इतके सांभाळूनही एक दिवस धूर येतो. घाट उतरताना गॅस सोडलेला असतो, आणि खाली आल्यावर तो पुन्हा देताच एक निळा लोट निघून थांबतो, तर तेल बहुधा व्हॉल्व्हच्या सीलमधून अथवा गाइडमधून येत आहे, आणि काम वरच्या हेडपुरते आहे. चढावर, ओझ्याखाली, सतत निळा धूर येत असेल तर रिंग आणि ब्लॉक झिजले. काळा धूर तेलाचा नव्हे, पेट्रोलाचा. आणि हिवाळ्यातल्या सकाळी नळीतून निघणारी पांढरी वाफ काही मिनिटांत थांबत असेल तर तो धूरच नव्हे. हा भेद न करता “इंजिन करायला आलंय” असे म्हणणाऱ्या मेस्त्रीच्या हवाली गाडी करू नये. त्याचप्रमाणे, ब्लॉक मोजून न पाहता त्यात नुसत्या नव्या रिंगा घालण्याचे जे स्वस्तातले काम सर्रास चालते, ते बहुधा फुकट जाते. झिजलेला ब्लॉक गोल राहिलेला नसतो, आणि गोल रिंग लांबट भोकात बसत नाही. लोखंडी स्लीव्ह असलेला ब्लॉक लेथवाल्याकडून बोर करून, पाव मिलिमीटर वा अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन घालता येतो. क्रँकचे बेअरिंग ठोकत नसेल तर एवढ्यावर इंजिन दुसरा जन्म घेते. हे काम गाडीच्या किमतीच्या मानाने परवडणारे आहे, आणि म्हणूनच लाखांच्या आकड्यापलीकडची वाटचाल या गाड्यांना शक्य होते.

हे सर्व स्मरणात ठेवणे कोणालाच साधणारे नाही, आणि मीटरवर विसंबणे त्याहून वाईट. जुन्या मीटरांत किलोमीटरांचे पाचच आकडे असल्यामुळे ९९,९९९ नंतर गाडी पुन्हा शून्यावर येते. शिवाय मीटरची केबल तुटली की कित्येक मालक वर्षभर ती जोडून घेत नाहीत. याला उपाय एकच, आणि तो आपल्या व्यापारी पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला आहे. गाडीची एक कीर्द ठेवावी: तारीख, मीटरचा आकडा, घातलेले तेल, बदललेला भाग, मेस्त्रीने सांगितलेली शंका. दर महिन्याचे पेट्रोल आणि कापलेले अंतर हेही त्यात लिहिले म्हणजे, मायलेज दहा टक्क्यांनी उतरले की ब्रेक घासतो आहे, टायरात हवा कमी आहे किंवा फिल्टर तुंबला आहे, यांपैकी कशाचा तरी सुगावा, कानाला काही जाणवण्यापूर्वी, कागदावर लागतो. मेस्त्रीही शक्यतो एकच धरावा. तो फार हुशार नसला तरी चालेल. मागच्या वेळी आपण स्वतः काय केले, हे ज्याला आठवते, तो अर्धे निदान घेऊनच कामाला बसतो.

शेवटी सरकारदरबारचा जाबता. खाजगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर परिवहन कार्यालयात तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते, आणि महाराष्ट्रात अशा जुन्या वाहनावर पर्यावरण कर भरावा लागतो. विमा, पीयूसी आणि आरसी बुक हे दस्तऐवज मुदतीत असावेत, हे उघडच आहे. परंतु इंजिन उत्तम, कागद चोख, आणि तरीही प्रकरण तहकूब राहते, असा प्रसंग येऊ शकतो तो एका क्षुल्लक जागेमुळे. हँडलच्या मानेजवळ चौकटीवर कोरलेला चेसिस क्रमांक गंजाने खाल्लेला असतो, किंवा गाडी नवी दिसावी म्हणून रंगाऱ्याने त्यावर रंगाचे थर चढविलेले असतात, आणि निरीक्षकाला तो वाचता येत नाही. म्हणून गाडी रंगास देण्यापूर्वी त्या जागेवर चिकटपट्टी लावून घ्यावी, पेन्सिल घासून तिचा ठसा एका कागदावर काढून तो आरसी बुकाबरोबर ठेवावा, आणि दर पावसाळ्यापूर्वी तेथे तेलाचे एक बोट फिरवावे.